वैमानिकाच्या अंगावरचे चामडे

९ मे १९३१ रोजी अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरने ‘टाइप ए-२’ नावाचे चामडी जॅकेट वैमानिकांचा प्रमाण पोशाख म्हणून स्वीकारले. बहुतेक घोड्याचे कातडे, पुढे धातूची चेन, सदऱ्यासारखी दुमडणारी कॉलर, खांद्यांवर पट्ट्या, झाकणाचे दोन खिसे आणि मनगटांना व कमरेला लोकरीची विणलेली पट्टी असा त्याचा घाट होता. त्या काळी ती सरकारी कोठारातली वस्तू होती. वैमानिकाने सही करून ती घ्यायची आणि काम संपले की परत करायची. आज जुन्या लष्करी कपड्यांच्या संग्राहकांत याच जॅकेटाला सर्वाधिक मागणी आहे. धारकाचे नाव शाबूत असलेल्या आणि पाठीवर त्या काळचे चित्र असलेल्या नगाला हजारो डॉलर मिळतात.

ही किंमत चामड्याची नाही. लष्करी गणवेशाचा हेतूच माणसामाणसांतला फरक पुसण्याचा असतो, पण वैमानिकाच्या जॅकेटाचे उलटे झाले. कारखान्यातून ते एकसारखे निघाले, मात्र ज्याच्या अंगावर गेले त्याने त्यावर आपले नाव, आपल्या तुकडीचा बिल्ला, आपल्या विमानाचे चित्र आणि आपल्या मोहिमांचा हिशेब चढवला. म्हणून जुने जॅकेट हा एक दस्तऐवज ठरतो. लेबल, चेन, टाके, रंगाचे थर आणि कोपराच्या सुरकुत्या ही त्याची लिपी. संग्राहकाचे पहिले काम ती वाचण्याचे आहे, विकत घेण्याचे काम त्यानंतरचे.

थंडीचा प्रश्न

पहिल्या महायुद्धातली विमाने उघडी होती. पंख्याचा वारा आणि इंजिनातून उडणारे तेल थेट वैमानिकाच्या तोंडावर येई. सुरुवातीला वैमानिक मोटारगाडी चालवणाऱ्यांचे लांब चामडी कोट घालत. १९१७ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या ध्यानात आले, की तेलाने आणि ग्रीसने माखलेल्या कामाच्या कपड्यांत उडूनही आपल्याला इतरांइतकी थंडी वाजली नाही. त्या निरीक्षणातून त्याने वारा न शिरणारा अखंड पोशाख बेतला, आणि ‘सिडकॉट’ नावाने तो ब्रिटिश वैमानिकांत रूढ झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सैन्यानेही वैमानिकांच्या कपड्यांसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. १९२७ मध्ये आलेल्या ‘ए-१’ जॅकेटाला पुढे बटणे आणि गळ्याशी विणलेली कॉलर होती. बटणांच्या फटींतून वारा शिरतो. ए-२ ला चेन आली आणि चेनच्या मागे चामड्याची आडपट्टीही आली.

तरीही ए-२ हे कडाक्याच्या थंडीसाठी नव्हते. हवेत चढताना दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसने घसरते. समुद्रसपाटीला १५ अंश असतील तर २५,००० फुटांवर उणे ३४ च्या आसपास पारा जातो. त्या उंचीवरून जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या कुशीतले तोफची उघड्या खिडक्यांपाशी उभे असत. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये मेंढीच्या कातड्याचे ‘बी-३’ जॅकेट आले. त्यात लोकर आतल्या बाजूला, चामडे बाहेर आणि मानेभोवती उभी करून पट्ट्यांनी आवळता येणारी जाड कॉलर होती. चामड्यावर तपकिरी रंगाचा जलरोधक लेप दिलेला असे. पुढे या लेपाने संग्राहकांना पुष्कळ रडवले. त्याविषयी जतनाच्या भागात येईल.

ब्रिटनमध्ये हेच काम एका अमेरिकन माणसाच्या हातून झाले. लेस्ली अर्विन याने १९१९ मध्ये विमानातून उडी मारून स्वतःच्या हाताने दोरी खेचून पॅराशूट उघडून दाखवले, आणि १९२६ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात लेचवर्थ येथे कारखाना घातला. पॅराशूट हा त्याचा मुख्य धंदा. पण उडी मारणारा माणूस वर गारठून बधिर झाला असेल तर पॅराशूटचा त्याला काय उपयोग, या विचारातून मेंढीच्या कातड्याचे ‘अर्विन जॅकेट’ जन्मले. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते रॉयल एअर फोर्सच्या वापरात आले. त्याच्या बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन आहे, कमरेला पट्टा आहे आणि बाहेरून एकही खिसा नाही. सुरुवातीची अर्विन जॅकेटे मोठमोठ्या अखंड तुकड्यांची आहेत. युद्धात कातड्यांची टंचाई झाली तेव्हा लहान तुकडेही वाया जाऊ नयेत म्हणून पाठीवर आणि बाह्यांवर जास्तीच्या शिवणी आल्या. त्यामुळे अर्विनच्या पाठीवरच्या शिवणी मोजून त्याचा काळ ढोबळमानाने सांगता येतो. युद्धातली टंचाई इतक्या उघडपणे दाखवणारी वस्त्रे थोडीच आहेत.

जर्मन हवाई दलाच्या वैमानिकांची आखूड चामडी जॅकेटे बहुतेक त्यांनी पदरचे पैसे घालून खरेदी केलेली असत. त्यांत एकसारखा नमुना नाही, लेबलांचा पक्का आधार नाही, आणि म्हणूनच त्या शाखेत फसवणुकीला फार वाव आहे. नव्या संग्राहकाने तिथून सुरुवात करू नये.

लेबलापासून वाचन

ए-२ हातात आले की पहिली नजर मानेच्या आतल्या बाजूला, अस्तरावर शिवलेल्या लेबलावर जाते. त्यावर जॅकेटाचा प्रकार, ‘३०-१४१५’ हा नकाशा-क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक, कारखान्याचे नाव आणि ते लष्कराची मालमत्ता असल्याचा शेरा असतो. सर्वांत बोलका असतो तो कंत्राट-क्रमांक. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या ‘रफ वेअर’ कंपनीचा ‘४२-१४०१-पी’ हा क्रमांक घेतला, तर पहिले ४२ म्हणजे १९४२ हे सरकारी आर्थिक वर्ष. सर्वच क्रमांकांत वर्ष असे उघड नसते. त्याच कंपनीच्या ‘२७७५२’ क्रमांकाच्या कंत्राटात ते नाही. अशा वेळी कंत्राटांच्या जुळवलेल्या याद्यांचा आधार घ्यावा लागतो.

ए-२ एका कारखान्याने बनवले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनची ‘एरो लेदर’, न्यूबर्गची ‘पेरी स्पोर्ट्सवेअर’, शिकागोची ‘डुबो’, मॅसॅच्युसेट्समधल्या लिनची ‘स्टार स्पोर्ट्सवेअर’, बॉस्टनची ‘केबल रेनकोट’ अशा अनेक कंपन्यांना कंत्राटे मिळाली. त्यांतल्या कित्येक शांततेच्या काळात साधे कोट, रेनकोट किंवा खेळाचे कपडे शिवत. नकाशा एकच होता, पण प्रत्येक कारखान्याचे कारागीर आणि कापणीचे साचे वेगळे होते. एकाकडे कॉलरखाली उभी पट्टी जोडलेली असे, तर दुसऱ्याकडे कॉलर थेट मानेला शिवलेली असे. खिशाच्या झाकणाचे टोक कुठे बोथट तर कुठे अणकुचीदार. खांद्याच्या पट्टीवरच्या चौकोनी शिवणीची मापेही निराळी. सवयीची नजर लेबल गळून पडलेल्या जॅकेटाचाही कारखाना या खुणांवरून ओळखते. आपल्याकडे जाणकार जसे काठ-पदरावरून लुगड्याचे गाव सांगतात, तसाच हा प्रकार.

कातड्याचा रंग दोन छटांत आढळतो : गडद तपकिरी आणि तांबूस तपकिरी. काही तांबूस जॅकेटे पुढे लष्करी कोठारांतच गडद रंगवली गेली. त्यामुळे शिवणीच्या दुमडीत आतला तांबूस रंग डोकावला तर लगेच नक्कल म्हणून मोडीत काढू नये. घोड्याचे कातडे घट्ट विणीचे आणि चिवट, वापराने त्यावर एक खोल झळाळी चढते. काही जॅकेटे बोकडाच्या आणि गाईच्या कातड्याचीही आहेत. बोकडाच्या कातड्यावरचे बारीक दाणे बोटाला जाणवतात. मूळ तपशिलात अस्तर रेशमी होते, पुढे ते सुती झाले.

मग चेन. हुकलेस फास्टनर या मेडव्हिलच्या कंपनीने १९३७ मध्ये ‘टॅलन’ हे नाव घेतले. ए-२ वर टॅलन, क्राउन आणि कॉनमार या तीन नावांच्या चेना मुख्यतः दिसतात. चेन हा जॅकेटाचा सर्वांत लवकर बिघडणारा भाग, त्यामुळे ती बदललेली असण्याचा संभव मोठा. जपानी वायकेके कंपनीची चेन युद्धकालीन ए-२ वर दिसली तर ती नंतर बसवली आहे, यात शंका नको. बदललेली चेन म्हणजे खोटे जॅकेट नव्हे, पण किंमत घसरते. मूळ चेन काढल्यावर जुन्या टाक्यांची छिद्रे चामड्यात तशीच राहतात. नवी शिवण त्याच छिद्रांतून गेली आहे की शेजारून, हे भिंगातून पाहावे. मनगटाच्या आणि कमरेच्या विणीव पट्ट्यांनाही हेच लागू. लोकरीला कसर लागते, आणि मूळ पट्ट्या शाबूत असलेली जॅकेटे थोडी आहेत.

ए-२ ला बाजूने हात घालण्याचे उबदार खिसे नाहीत. कॉलरची टोके आणि खिशांची झाकणे आत लपवलेल्या टिचबटणांनी बसतात. गळ्याशी हुक असतो. बाजारात ‘वैमानिक जॅकेट’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ जॅकेटे एवढ्या तपासणीतच गळतात.

१९४३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री आर्नल्ड यांच्या निर्णयाने ए-२ ची नवी खरेदी थांबली आणि त्याच्या जागी कापडी ‘बी-१०’ आले. वैमानिकांना ते पसंत पडले नाही. चामडी जॅकेट ही तोवर त्यांची ओळख होऊन बसली होती. ज्यांच्याकडे ए-२ होते त्यांनी ते जपून वापरले, आणि नव्याने भरती झालेल्यांना ते मिळणे कठीण झाले. उरलेली बरीच जॅकेटे पुरी झिजलेली का असतात, याचे एक कारण इथे आहे.

पाठीवरची नोंद

डाव्या छातीवर चामड्याची बारीक पट्टी आणि तिच्यावर ठसवलेले नाव, डाव्या खांद्यावर पंख असलेल्या ताऱ्याचे हवाई दलाचे चिन्ह, उजव्या किंवा डाव्या छातीवर तुकडीचा चामडी किंवा कापडी बिल्ला, अधिकारी असेल तर खांद्यावर हुद्द्याची खूण. इथवर शिस्तीचा भाग झाला. पाठ मात्र त्या माणसाची स्वतःची होती. तुकडीतला चांगला हात असलेला कुणी सोबती तिच्यावर रंगाने विमानाचे नाव आणि विमानाच्या नाकावरचे चित्र काढून देई. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या तळांवरून उडणाऱ्या आठव्या हवाई दलात ही चाल सर्वांत फोफावली. चित्राखाली छोट्या बॉम्बची ओळ असे, एका मोहिमेला एक बॉम्ब. बॉम्बफेकी विमानावरच्या माणसाला घरी जाण्यापूर्वी आधी २५ मोहिमा पुऱ्या कराव्या लागत. १९४४ मध्ये हा आकडा ३० आणि मग ३५ झाला. २५ बॉम्बची ओळ म्हणजे काय सोसून झाले होते, हे जाणले तर त्या ओळीकडे सजावट म्हणून पाहवत नाही. आणि ११ किंवा १४ वर थांबलेली ओळ पाहणाऱ्याला त्याहून अधिक अस्वस्थ करते. तिचा अर्थ नेहमी मृत्यू असतो असे नाही. बदली, आजारपण, कैद, यांपैकी काहीही झालेले असू शकते.

या चित्रांचे परिणाम विमानतळापुरते राहिले नाहीत. १९४३ च्या नोव्हेंबरात ब्रेमेनवरच्या हल्ल्यात पाडलेल्या एका बॉम्बफेकी विमानातला अमेरिकन अधिकारी जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या जॅकेटाच्या पाठीवर ‘मर्डर इंक.’ असे शब्द होते. ते एका विमानाचे टोपणनाव होते, पण जर्मन वृत्तपत्रांनी त्याचे छायाचित्र छापून अमेरिकन वैमानिक म्हणजे भाड्याने आणलेले गुंड, असा प्रचार केला.

या चित्रांच्या आणि बिल्ल्यांच्या इतिहासाचा एक कोपरा भारतात आहे. १९४२ ते १९४५ या काळात असमातल्या चबुआ, डिंजन, जोरहाट, तेजपूर अशा तळांवरून अमेरिकन वाहतूक विमाने हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमध्ये कुन्मिंगला रसद नेत. या मार्गाला वैमानिक ‘हम्प’ म्हणजे मदार म्हणत. सहा लाख टनांहून अधिक माल त्या वाटेने गेला, आणि पाचशेहून अधिक विमाने डोंगरांत व जंगलांत नष्ट झाली. चीन-ब्रह्मदेश-भारत या रणक्षेत्राच्या बिल्ल्यावर ढालीच्या वरच्या निळ्या भागात एकीकडे चीनचा सूर्य आणि दुसरीकडे भारताचा तारा आहे, तर खाली लाल-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेत यंत्रावर विणलेले बिल्ले आले तसे स्थानिक कारागिरांकडूनही पुष्कळ करून घेतले गेले. हिंदुस्थानी कारागिरांनी रंगीत चामड्याचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून, हाताने शिवून ते बनवले, आणि जरीच्या तारेनेही भरले. दोन बिल्ले कधी तंतोतंत सारखे नसतात. ताऱ्याची टोके कमीजास्त होतात, पट्टे तिरके जातात. अमेरिकेतले संग्राहक या बिल्ल्यांना यंत्राच्या बिल्ल्यांपेक्षा जास्त मोल देतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांची नावे कुठल्याही यादीत नाहीत अशा कारागिरांचे युद्धकालीन काम त्यांच्यामुळेच टिकून राहिले आहे.

याच भागातल्या जॅकेटांवर ‘ब्लड चिट’ आढळतात. विमान पाडले गेले आणि वैमानिक परमुलखात उतरला, तर त्याला स्थानिक भाषा येत नसे. म्हणून चिनी ध्वज आणि त्याखाली चिनी लिपीतला मजकूर असलेला कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा पाठीवर शिवला जाई. हा परदेशी माणूस चीनच्या मदतीला आला आहे, त्याला वाचवा, असा त्याचा आशय. ‘फ्लाइंग टायगर्स’ या अमेरिकन स्वयंसेवक तुकडीने ही चाल प्रसिद्ध केली. पुढे शत्रूच्या नजरेला दुरून पडू नये म्हणून चिट पुष्कळदा अस्तराच्या आत गेली. भारत-ब्रह्मदेश सीमेवरच्या वैमानिकांसाठी एकाच तुकड्यावर अनेक भाषांतला मजकूर छापलेल्या चिटही होत्या. चिटवर क्रमांक असेल तर तो जपून नोंदवावा. धारकाचा माग काढायला तो कधी उपयोगी पडतो.

नौदल आणि नायलॉन

अमेरिकन नौदलाची परंपरा वेगळी. तिथे बोकडाच्या कातड्याचे, लोकरी फरची कॉलर असलेले आणि हात पुढे ताणता यावेत म्हणून पाठीला चुण्या घातलेले ‘एम-४२२’ व ‘एम-४२२ए’ होते, आणि त्यांचाच वारस म्हणून १९४७ मध्ये ‘जी-१’ आले. पुष्कळ नगांत चेनमागच्या चामडी पट्टीवर नौदलाची आद्याक्षरे बारीक छिद्रांनी टोचलेली असतात. ए-२ बंद पडले तरी जी-१ अनेक दशके निघत राहिले. त्यामुळे ते तुलनेने स्वस्त मिळते आणि नवशिक्याला हात बसवायला चांगले. १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटाने त्याची मागणी वाढवली, आणि बाजारात नकलांचा पूरही आणला.

जेट विमाने आली तसे चामडे मागे पडले. बंद कॉकपिटमध्ये जाडजूड मेंढीचे कातडे अडचणीचे, आणि भिजलेले चामडे उंचीवर गोठते. १९४४ चे ‘बी-१५’ कापडी होते, पण त्याला फरची कॉलर होती. ती पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकू लागली. १९५० च्या दशकातल्या ‘एमए-१’ मध्ये फरच्या जागी साधी विणलेली कॉलर आली आणि बाहेरचे कापड नायलॉनचे होते. पुढे अस्तर भडक नारिंगी झाले. अपघातातून वाचलेल्या वैमानिकाने जॅकेट उलटे घातले की शोधपथकाला तो दुरून दिसावा, हा हेतू. नायलॉन आगीत वितळून अंगाला चिकटते, म्हणून १९७० च्या दशकात आग न पकडणाऱ्या नोमेक्स कापडाची ‘सीडब्ल्यूयू’ मालिका आली.

नायलॉनच्या जॅकेटांचा काळ ठरवणे ए-२ पेक्षा सोपे आहे. अमेरिकन संरक्षण पुरवठा संस्थेची स्थापना १९६१ ची, आणि १९७७ मध्ये तिचे नाव बदलले. त्यामुळे लेबलावरचा कंत्राट-क्रमांक ‘डीएसए’ अक्षरांनी सुरू होत असेल तर जॅकेट या दोन वर्षांमधले, आणि ‘डीएलए’ असेल तर नंतरचे. क्रमांकातल्या पहिल्या आडव्या रेघेनंतरचे दोन अंक बहुधा आर्थिक वर्ष सांगतात. ‘डीएसए १००-६८’ म्हणजे १९६८.

नक्कल आणि बनवेगिरी

नक्कल करणारे सगळे लबाड नसतात. जपानची ‘बझ रिक्सन्स’ आणि ‘रिअल मॅकॉइज’, इंग्लंडची ‘ईस्टमन’, स्कॉटलंडची नव्याने उभी राहिलेली ‘एरो लेदर’ या कंपन्यांनी मूळ जॅकेटे उसवून, टाक्यांची संख्या मोजून, चेनचे जुने नमुने पुन्हा घडवून इतकी हुबेहूब जॅकेटे बनवली, की जुन्या कारखान्यांविषयीचे आजचे कितीतरी ज्ञान त्यांच्या या खटपटीतून आले आहे. ती उघडपणे नवी म्हणून विकली जातात. कादंबरीने वस्तू घडवल्याचे एक उदाहरणही इथे आहे. विल्यम गिब्सन यांच्या २००३ च्या ‘पॅटर्न रेकग्निशन’मधली नायिका बझ रिक्सन्सचे काळे एमए-१ घालते. कंपनी तेव्हा काळ्या रंगात ते बनवतच नव्हती. वाचकांची मागणी आली आणि मग तिने ते बनवले.

अडचण सुरू होते ती अशी नक्कल दुसऱ्यातिसऱ्या हाती जाऊन, लेबल काढून, घासून, उन्हात वाळवून ‘आजोबांचे’ म्हणून विक्रीला येते तेव्हा. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अस्सल पण कोऱ्या पाठीच्या ए-२ वर नवे चित्र काढणे. यात एक खरा दस्तऐवज कायमचा बिघडवला जातो. चित्र तपासण्याचा मुख्य नियम साधा आहे : रंग आणि सुरकुती यांत आधी कोण आले ते पाहावे. जॅकेट वापरात असताना चित्र असेल तर चामडे मुडपते तिथे रंगही तडकलेला असतो आणि तड्यात आतले चामडे दिसते. रंग सुरकुतीच्या खोबणीत उतरून बसला असेल, किंवा चामड्याच्या जुन्या ओरखड्यावरून अखंड गेला असेल, तर चित्र नंतरचे. बिल्ल्याच्या बाबतीत कडेखाली पाहावे. ऐंशी वर्षे बिल्ला चिकटून असेल तर त्याखालचे चामडे भोवतालापेक्षा गडद राहते.

अतिनील दिव्याखाली आधुनिक धागे आणि कापड बहुधा निळसर पांढरे चमकतात. धुलाईच्या साबणांत आणि कापडांत चमक आणणारी रसायने युद्धानंतरच्या काळात सर्रास झाली, त्याचा हा परिणाम. पण या एकाच चाचणीवर निकाल देऊ नये. मूळ सुती अस्तर कुणी नंतर नव्या साबणाने धुतले असेल तर तेही चमकेल. पॉलिएस्टरचा धागा मात्र निर्णायक आहे, कारण युद्धकाळात तो बाजारात नव्हता. बिल्ला पॉलिएस्टरने शिवलेला असेल तर तो युद्धकाळात शिवलेला नाही.

नावाचा माग

अस्तरावर शाईने लिहिलेली एक छोटी खूण पुष्कळदा सगळ्यांत मोलाची ठरते. कपडे धुलाईला जाताना हरवू नयेत म्हणून अमेरिकन सैनिक आडनावाचे पहिले अक्षर आणि सेवाक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहीत. त्या पाच खुणांवरून, तुकडीचा बिल्ला जोडीला असेल तर, माणूस सापडू शकतो. तुकड्यांच्या हजेरीयाद्या, वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले बेपत्ता विमानांचे सुमारे १६,००० अहवाल हे शोधाचे मुख्य मार्ग.

एक मोठा मार्ग मात्र बंद झाला आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे हवाई दल सैन्याचाच भाग होते, त्यामुळे बहुसंख्य वैमानिकांच्या सेवानोंदीही तिच्यात गेल्या. कित्येकांच्या बाबतीत जॅकेटावरची ओळ हा उरलेल्या मोजक्या पुराव्यांपैकी एक आहे. म्हणूनच जॅकेट, उड्डाणवही, पत्रे आणि छायाचित्रे असा एकत्र संच मिळाला तर तो फोडून तुकड्यातुकड्यांनी विकणे हे या छंदातले सर्वांत मोठे पाप मानायला हवे. तसे करणाऱ्याला पैसे जास्त मिळतात, आणि त्या माणसाचा इतिहास दहा घरांत विखुरतो.

जतन

चामड्याचा पहिला शत्रू दमट हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर गेली की बुरशी धरते, आणि मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यातले महिने याहून कितीतरी वरचे असतात. कपाटात कोंडलेल्या चपलांवर श्रावणात येणारी पांढरी बुरशी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी, त्यासाठी सिलिका जेल वापरावे आणि ते वेळोवेळी वाळवून घ्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत जॅकेट कधीही साठवून ठेवू नये. आत अडकलेला ओलावा तिथेच कुजवतो. धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडाचे आवरण पुरते. टांगायचे असेल तर खांद्यांना भरीव आधार देणारा रुंद हँगर हवा. बारीक तारेच्या हँगरने खांद्याची शिवण तुटते. मेंढीच्या कातड्याची जॅकेटे फार जड, ती आडवीच ठेवावीत.

तेल आणि मेण चोळण्याची जुनी सवय सोडावी. तेलाने चामडे तात्पुरते मऊ वाटते, पण ते जुने टाके नरम करते, धूळ ओढते आणि पितळेच्या चेनवर हिरवट मेणासारखी पुटे आणते. ती पुटे लाकडी काडीने हलकेच काढावीत. वनस्पतिजन्य कषायाने कमावलेल्या जुन्या चामड्याला हवेतल्या आम्लाने ‘लाल कूज’ लागते. पृष्ठभाग तांबूस भुकटी होऊन बोटांना लागतो. ती परतवता येत नाही, फक्त थोपवता येते. अशा नगाला घरगुती उपाय करण्यापेक्षा कमी हाताळावे आणि संवर्धकाला दाखवावे. बी-३ आणि अर्विनचे दुखणे वेगळे. बी-३ चा लेप तडकून पापुद्रे सुटतात, आणि दोघांचेही कातडे इतके ठिसूळ झालेले असते, की एकदा अंगात घातले तरी खांद्यावर कागदासारखे फाटते. ती घालून पाहण्याचा मोह आवरावा.

लोकरीला कसर लागल्याचा संशय आला तर जॅकेट सुती कापडात गुंडाळून, पिशवीत हवाबंद करून, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देतात, म्हणजे चामड्यावर दव धरत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास चामड्यात वर्षानुवर्षे राहतो, त्या टाळाव्यात.

दुरुस्ती करावीच लागली तर काढलेला प्रत्येक भाग जपावा, मग ती गंजलेली चेन असो की कसरीने खाल्लेली मनगटपट्टी. तो वेगळ्या पाकिटात घालून जॅकेटाजवळच ठेवावा. कुठून घेतले, विकणाऱ्याने काय सांगितले, त्यातले काय पडताळले, काय बदलले आणि कधी, हे सारे आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहावे. ती चिठ्ठी टाचणीने टोचू नये, सुती नाडीने चेनच्या कडीला बांधावी.